नाणेघाट : पायांनी राखलेली वाट

(हिमायतनगर, हैदराबाद येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्या गुरुजींनी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यांचे इथे बसलेले विद्यार्थी सांगतात की राजांच्या सनावळ्यांपेक्षा त्यांचा भर नकाशावर असे. म्हणून आज एखाद्या राजाऐवजी एका रस्त्यावर बोलावं असं ठरवलं. हा रस्ता दोन हजार वर्षांचा आहे, आजही तो पायी चढता येतो, आणि माणसांची वर्दळ कमी झाल्यावर रानाने त्याला आपलंसं केलं आहे. त्याचं नाव नाणेघाट. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड या तालुक्यांमध्ये सह्याद्रीची जी भिंत उभी आहे, तिच्यातली ही खिंड.

तुम्ही म्हणाल, जुन्नरच्या घाटाचं आम्हा हैदराबादकरांना काय? उत्तर सोपं आहे. घाट जुन्नरला असला तरी त्याची दुसरी टोकं आपल्या अंगणात आहेत. पैठण आणि तेर ही सातवाहन काळातली दोन मोठी गावं 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होती. इथून जवळच्या कोंडापूरला निजामाच्या पुरातत्त्व खात्याने 1940 नंतर उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनांची नाणी निघाली. करीमनगरकडच्या कोटिलिंगाल इथे सिमुक या सातवाहन राजाची नाणी मिळाली. हे सगळं दख्खनचं पठार ज्या वाटांनी समुद्राला जोडलं होतं, त्यांतली एक मोठी वाट नाणेघाटातून उतरत होती. तेव्हा आपण आपल्याच रस्त्याबद्दल बोलतो आहोत.

दख्खनचा उंबरठा

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, या दख्खनमधल्या दोन महत्त्वाच्या बाजारपेठा म्हणून येतात. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तेर दहा दिवसांच्या, असं अंतर दिलं आहे. पैठणचे गोमेदासारखे दगड, तेरचं साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदरावर जात, असंही त्यात आहे. कल्याणचा उल्लेख तर राजकारणासकट येतो. पूर्वी हे रीतसर बंदर होतं. पुढे सत्तेच्या झगड्यात तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. बंदराची नाकेबंदी हा काही आजचा शोध नव्हे.

पठारावरून कल्याण-सोपाऱ्याला जायचं तर सह्याद्री उतरावाच लागतो. कडा सरळसोट आहे, म्हणून जिथे कातळाला नैसर्गिक फट आहे तिथेच वाट निघते. नाणेघाट ही अशी फट. माथ्यावर घाटघर, शेजारी जीवधनचा किल्ला आणि त्याला लागून उभा वानरलिंगीचा सुळका. खाली वैशाखरे गाव. वाटेच्या राखणीला जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी असे चार किल्ले. घाट चढून आलेला माल जुन्नरला पोचायचा. तिथल्या शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत मिळून शंभरावर लेणी आहेत. त्यांतल्या शिलालेखांत राजांपेक्षा कष्टकरी आणि व्यापारीच जास्त भेटतात. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. बांबूचं काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींची नावं आहेत. इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांचीही, म्हणजे पश्चिमेकडच्या परदेशीयांचीही, दानं आहेत. इरिलाने दोन टाकी खोदवून दिली. रस्त्यावर पैसा कमवायचा आणि रस्त्याकडेला पाणी ठेवायचं, ही रीत तेव्हापासूनची आहे.

हा व्यापार किती लांब पोचला होता, त्याची साक्ष इटलीत मिळाली. 1938 साली पाँपेईच्या अवशेषांत भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेने ते शहर गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली. तिच्याच घराण्यातल्या मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. आपल्याकडच्या कारागिरांची शैली समुद्रापलीकडच्या घरात मांडलेली होती, हे ध्यानात घेतलं की या घाटाची पायरी लहान वाटत नाही.

गुहेच्या भिंतीवरचे आकडे

घाटाच्या माथ्याशी एक गुहा आहे. वाटसरूंनी टेकावं म्हणून खोदलेली असावी अशी साधी, चौकोनी. आत डाव्या आणि उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, भाषा प्राकृत. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. सिमुक, देवी नायनिका म्हणजे आपण जिला नागनिका म्हणतो ती, राजा सातकर्णी, राजकुमार आणि महारठी त्रणकयिर. मूर्ती आता उरल्या नाहीत. त्यांच्या डोक्यांवर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. 1828 मध्ये कर्नल साइक्स इथे आले आणि लेखाची दखल घेतली गेली. प्रिन्सेपने वाचनाला हात घातला, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यातल्या अंकांवर काम केलं आणि 1883 मध्ये ब्यूलरने त्याचं संपादन प्रसिद्ध केलं. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. बहुतेकांचा कल इसवी सनपूर्व पहिल्या शतकाकडे आहे.

धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन करून लेख सुरू होतो, आणि मग यज्ञांची व दक्षिणांची यादी येते. दोन अश्वमेध, एक राजसूय आणि इतर अनेक. एका ठिकाणी 1700 गाई आणि 10 हत्ती, एका ठिकाणी 24,400 कार्षापण नाणी. एका विधवा राणीने, बहुधा नागनिकेनेच, राज्याच्या वर्दळीच्या रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर, आपल्या घराण्याचा जमाखर्च मांडला आहे. आजच्या भाषेत हा महामार्गावरचा फलक. फरक इतकाच की तो दोन हजार वर्षं उतरवला गेला नाही.

हे आकडे जवळून बघण्यासारखे आहेत. त्यात शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. शंभराला एक चिन्ह, हजाराला दुसरं. सातशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला सातचं चिन्ह जोडायचं. चार हजार म्हणजे हजाराच्या चिन्हाला चार. म्हणून 24,400 हा आकडा वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन जोडचिन्हांत मावतो. इतक्या विपुल प्रमाणात ब्राह्मी अंक एका जागी दाखवणारे इतके जुने लेख फार थोडे. आज बाजारात आपण जे अंक लिहितो त्यांच्या पूर्वजांचं असं घाऊक दर्शन व्हावं ते एका घाटातल्या गुहेत, आणि ते हिशेबासाठी, हे मला फार सूचक वाटतं. अंक रस्त्यावर वाढले.

माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकत असं लोक सांगतात. खरं असो नसो, घाट आणि पैसा यांची सांगड लोकांच्या मनात पक्की आहे.

वाट मागे कशी पडली

मग हा राजमार्ग रानात कसा गेला? त्यावर हल्ला झाला नाही, तो कोसळलाही नाही. चाकांनी दुसरी खिंड निवडली, एवढंच झालं. 1830 मध्ये बोरघाटातून मुंबई-पुण्याचा गाडीरस्ता खुला झाला. 1863 मध्ये तिथूनच आगगाडी चढली आणि 1865 मध्ये थळघाटातून नाशिककडे. पुढे मोटारीचा रस्ता माळशेजमधून गेला. लमाणांचे बैलांचे तांडे, मिठाची पोती, गूळ आणि धान्य हे सगळं हळूहळू रुळांवर आणि टायरांवर गेलं. नाणेघाटाच्या माथ्याची बोळ इतकी अरुंद आणि खालचा उतार इतका उभा की तिथून गाडी नेणं परवडणारं नव्हतं. त्या गैरसोयीनेच घाट वाचवला. बोरघाटात आज सहा पदरी द्रुतगती मार्ग आहे, बोगदे आहेत. जुन्या वाटेचा माग काढायचा तर हातात जुने नकाशे लागतात. नाणेघाटात मात्र त्याच कातळपायऱ्यांवर पाय ठेवून वर जाता येतं.

रानाची पाळी

आता त्या वाटेवर काय राहतं ते पाहू. रस्ता खोदताना माणसाने ज्या गोष्टी केल्या, त्या सगळ्या रानाला उपयोगी पडल्या. कातळ तासून उभ्या भिंती झाल्या. त्यांच्या फटींत पाझर धरतो, शेवाळ आणि नेचे येतात, पाकोळ्या घरटी करतात. वाटसरूंसाठी टाकी खोदली. घाटमाथ्यावर पावसाळ्यात पाणी कोसळतं आणि मार्चनंतर वणवण सुरू होते, तेव्हा ही टाकीच पाखरांचे, माकडांचे आणि रानातल्या इतर जनावरांचे पाणवठे होतात. सतत पाय पडल्याने वाटेच्या कडेला झाडी दाटत नाही, ऊन पोचतं. तिथे भाद्रपदात तेरडा आणि सोनकी फुलते, आणि सात वर्षांतून एकदा कारवीचा फुलोरा आला की अख्खा उतार जांभळा होतो. बाजूच्या रानात हिरडा, जांभूळ, अंजनी, ऐन. पहाटे ओढ्याच्या काठाने जाल तर शीळकरी कस्तूराची शीळ अशी ऐकू येते की मागून कुणी माणूस येतोय असं वाटून आपण थांबतो.

आणि रात्रीचं काय? वन्यप्राण्यांची गणती करणारे लोक कॅमेरे लावायला दाट झाडीत शिरत नाहीत. ते पायवाटा आणि रानरस्ते निवडतात, कारण वाघ-बिबट्यालाही काट्यांतून अंग ओढण्यापेक्षा मोकळी वाट बरी वाटते. जुन्नर तालुका बिबट्यांचा; उसात वाढणाऱ्या बिबट्यांच्या बातम्या तुम्ही वाचता, माणिकडोहचं बिबट्या निवारण केंद्र तुम्हाला ठाऊक असेल. जंगलातल्या बिबट्याला मात्र वाट सोयीचीच असते. दिवसा माणूस, रात्री जनावर, असा वाटेचा वाटा ठरलेला असतो. तो मोडतो तो चाकाच्या दिव्यांनी आणि आवाजाने. आपल्याकडे केबीआर उद्यानात सकाळी फिरायला जाणाऱ्यांना मोर भेटतो तो याच हिशेबाने: माणूस चालत असतो, आणि अंधार पडायच्या आत परत फिरतो.

या प्रदेशाच्या दक्षिणेला भीमाशंकरचं अभयारण्य आहे, शेकरूसाठी राखलेलं, उत्तरेला कळसूबाई-हरिश्चंद्रगडचं. भीमाशंकर 1985 चं, कळसूबाई-हरिश्चंद्रगड 1986 चं. त्यांच्या मधल्या पट्ट्यात नाणेघाटासारख्या घाटवाटांची आणि राखीव वनांची साखळी आहे. अभयारण्य म्हणजे दोन खोल्या धरल्या, तर त्यांना जोडणारी ओसरी या घाटवाटांची आहे. खोल्या राखून ओसरी पाडली तर घर राहत नाही.

रानात राहणाऱ्या माणसांनाही विसरून चालणार नाही. घाटघर आणि आसपासच्या गावांत महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. त्यांच्या घरखर्चाचा मोठा आधार हिरडा: झाडावरचा कोवळा बाळहिरडा तोडायचा, वाळवायचा, विकायचा. 2020 च्या जूनमधल्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडं उन्मळली, तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या लोकांचं एक वर्षाचं नव्हे, पुढच्या कित्येक वर्षांचं उत्पन्न गेलं. झाड वाढायला काळ लागतो. वाट मोकळी राहिली ती या लोकांच्या पायांनीच. बाजाराला, नातेवाइकांकडे, गुरांमागे ते या वाटेने जातयेत राहिले, म्हणून ती बुजली नाही. शिलालेख पुरातत्त्ववाल्यांनी वाचला, वाट या गावकऱ्यांनी वाचवली.

आता धोका कुठे आहे

धोका दोन दिशांनी येतो, आणि दोन्ही दिशांचे लोक चांगल्या हेतूचे असतात. पावसाळ्यात माथ्यावरचं पाणी वाऱ्याच्या झोताने उलटं उडतं. हा ‘उलटा धबधबा’ मोबाइलवर पसरला आणि शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागायला लागल्या. जुन्नरच्या बाजूने माथ्यापर्यंत मोटार जाते, त्यामुळे अर्धा तास थांबून, वडे-भजी खाऊन, प्लास्टिक टाकून परतणारा माणूस वाट चढतच नाही. त्याला वाटेची गरज नसते आणि वाटेलाही त्याची. दुसरीकडे ‘घाट सुधारा’ ही मागणी: पायऱ्यांवर सिमेंट, कठडे, दिवे, रुंद रस्ता. सिमेंटने फटींतला पाझर बंद होतो आणि दिव्यांनी रात्रीची पाळी मोडते. सोय झाली, आणि वाट गेली.

मग लोकांना अडवायचं का? मुळीच नाही. माझं म्हणणं याच्या उलट आहे. वापर सुटला तर वाट झाडीत हरवते, चाक आलं तर ती रस्ता होते. पायांचा वापर तेवढा तिला वाट म्हणून ठेवतो. म्हणून नाणेघाटाला कुंपण नको, चालणारे हवेत. वैशाखऱ्याहून चढणारा माणूस दोन-तीन तास ओढा, झाड, पायरी बघत येतो, गुहेत टेकतो आणि घाटघरला जेवतो. त्याचा पैसा गावात राहतो आणि कचरा बहुतेक त्याच्याच पाठपिशवीत.

जगात याची उदाहरणं आहेत. इंग्लंडमधली रिजवे ही डोंगरमाथ्यावरून जाणारी प्राचीन वाट 1973 पासून राष्ट्रीय पायवाट आहे, लांबी सुमारे 139 किलोमीटर. जपानमध्ये किई डोंगरातल्या कुमानो यात्रावाटांना 2004 मध्ये जागतिक वारशात जागा मिळाली. रोमच्या विया आप्पियाला 2024 मध्ये. या तिन्ही ठिकाणी राखलेली वस्तू केवळ देऊळ किंवा कमान नव्हे. चालण्याची रेघ आहे.

आणि दूर कशाला जायचं? आपल्या शहराच्या पश्चिमेला चेवेल्लाकडे जाणारा विजापूर रस्ता आहे. निजामाच्या काळात दुतर्फा लावलेले, नऊशेच्या घरातले वड त्या रस्त्यावर उभे आहेत. सुमारे 46 किलोमीटरचा हा पट्टा रुंद करायचं ठरलं, तेव्हा नागरिकांनी वडांसाठी राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठावलं, आणि आराखडा आखताना झाडांचा विचार करणं भाग पडलं. वडाच्या फळांवर जगणारी पाखरं आणि वटवाघळं हा त्या रस्त्याचा अविभाज्य भाग आहे, हे त्या लढ्याने लोकांच्या कानी घातलं. रस्ता हेसुद्धा एक अधिवास असू शकतं, हा विचार हैदराबादकरांना परका नाही.

कायद्यातली रिकामी जागा

आपल्या कायद्यात स्मारकाला जागा आहे. 1958 च्या कायद्यात 2010 ला झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर मनाईचं आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. जंगलाला जागा आहे, 1972 चा वन्यजीव कायदा आहे. पण या दोहोंना जोडणारी, कधी महसुलात, कधी वनात, कधी गावठाणात शिरणारी वाट कुणाची? गुहा एका खात्याची, झाड दुसऱ्याचं, पायरी कुणाचीच नाही.

गंमत म्हणजे शेतातल्या वाटेबद्दल आपण असे कोरडे नाही. महाराष्ट्रातल्या गावनकाशात एकेरी तुटक रेषा म्हणजे पाऊलवाट, रुंदी सव्वाआठ फूट. दुबार तुटक रेषा म्हणजे गाडीवाट. ती कुणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्यानुसार तहसीलदाराकडे दाद मागता येते. बांधावरच्या वाटेला सव्वाआठ फुटांचा हक्क, आणि ज्या वाटेने रोमपर्यंत माल गेला तिला एक इंचाचाही नाही, हे बरोबर दिसत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, घाटवाटांची मोजणी करून त्या पाऊलवाट म्हणून अभिलेखात नोंदवाव्यात. एकदा नोंद झाली की रुंद करण्याआधी कुणाला तरी विचारावं लागतं. दोन, 2002 च्या जैवविविधता कायद्यात स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून राज्य सरकारला वारसा स्थळ जाहीर करता येतं. आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या कुंडातल्या एका छोट्या माशासाठी 2021 मध्ये असं स्थळ झालं. माशासाठी कुंड राखता येतं, तर वाटेसाठी घाट का नाही? तीन, राखणीचं काम आणि त्याचं उत्पन्न घाटघर-वैशाखऱ्याच्या ग्रामसभांकडे असावं, 2006 च्या वनहक्क कायद्याला धरून. पावसाळ्यात किती माणसं चढावीत, माथ्यावर गाड्या कुठपर्यंत याव्यात, टाकी कधी उपसावीत, हे तिथले लोक ठरवू शकतात. आजवर त्यांनीच ठरवलं आहे.

आणि आपण हैदराबादकरांनी काय करायचं? पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयात सातवाहनांच्या वस्तू आहेत. मुलांना तिथे न्या, आणि त्या ज्या रस्त्यांनी फिरल्या तो नकाशा त्यांच्या हातात द्या. पैठण, तेर, जुन्नर, कल्याण ही नावं एका रेषेवर बसवून दाखवा. मग दिवाळीच्या सुट्टीत त्यांना वैशाखऱ्याहून चढवा. माथ्यापर्यंत गाडीने नेऊ नका. दोन राज्यांतल्या लोकांनी मागणी केली तर त्या रेषेला सरकारी नकाशावर जागा मिळायला अवघड नाही. यंदाच्या सभेत या अर्थाचा एक ठराव मांडावा, अशी संयोजकांना माझी विनंती आहे. मसुदा मी लिहून आणला आहे.